सेंद्रिय शेतावरचा पाहुणचार

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या बसमध्ये बसले की थोड्याच वेळात इमारतींची गर्दी विरळ होऊ लागते. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे, त्यांच्या कडेने पसरलेली मिठागरे व तिवरांची झाडी, पुढे डोंगरी, आणि अखेरीस बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेला उत्तनचा किनारा. हा सारा प्रदेश मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येतो, हे नवख्या माणसाला सांगूनही पटत नाही. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात भाजीपाला आणि बांधावर माड, ताड व आंबा अशी शेती येथील आगरी, कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. आज त्याच जमिनीकडे शहर 'वीकएन्ड'ची जागा म्हणून पाहते. या मागणीला दोन प्रकारे उत्तर देता येते. शेत मोडून हिरवळ, तरणतलाव व वातानुकूलित खोल्या उभारता येतात, किंवा शेत राखून त्यात चार पाहुण्यांची सोय करता येते. दोन्ही ठिकाणी 'निसर्गाच्या सान्निध्यात' असाच फलक लागतो. त्यांतील फरक ओळखायचा कसा आणि दुसरा मार्ग प्रत्यक्षात चालवायचा कसा, याची ही माहिती.

संकल्पना

सेंद्रिय शेतावरील पर्यावरणस्नेही निवास म्हणजे केवळ झाडांमधील हॉटेल नव्हे. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पहिली, जमिनीवर खरीखुरी, उत्पन्न देणारी शेती चालू असावी. दुसरी, ती शेती रासायनिक खते व कीटकनाशके यांच्याशिवाय केली जावी. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. पाहुण्यांमुळे लागणारे जादा पाणी, इंधन व अन्न, तसेच त्यांच्यामुळे निर्माण होणारे सांडपाणी व कचरा यांचा भार शक्यतो त्याच जमिनीने पेलावा. तो शेजाऱ्याच्या विहिरीवर, खाडीवर वा गावाच्या कचराभूमीवर पडू नये. पहिल्या दोन अटी पाळणारी केंद्रे पुष्कळ सापडतात. कस लागतो तो तिसऱ्या अटीत.

युरोपात ही कल्पना बरीच जुनी आहे. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड या लंडनमधील तरुणीने शहरी लोकांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर कामासाठी नेण्याचा उपक्रम सुरू केला. श्रमाच्या बदल्यात जेवण व निवारा, असे त्याचे स्वरूप होते. 'वूफ' या नावाने तो पुढे अनेक देशांत पसरला. इटलीने १९८५ मध्ये शेतावरील पाहुणचारासाठी स्वतंत्र कायदा केला व २००६ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आणला. त्यातील मुख्य तत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे. हा व्यवसाय शेतकऱ्यानेच करावा आणि शेती हेच त्याचे प्रमुख काम राहावे. पाहुणचार हा शेतीला जोडलेला उद्योग असावा, शेतीची जागा घेणारा नव्हे.

महाराष्ट्रातही हुरड्याच्या निमित्ताने शेतावर पाहुणे बोलावण्याची रीत जुनीच. तिला व्यवसायाचे रूप देण्याचा संघटित प्रयत्न २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने झाला. कृषी पर्यटन विकास संस्थेच्या या केंद्रानंतर राज्याच्या अनेक जिल्ह्यांत शेतकरी या व्यवसायात उतरले. १६ मे हा दिवस कृषी पर्यटन दिन म्हणून पाळला जातो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आणि अशा केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची सोय झाली.

धारावी बेटाचा धडा

उत्तन, गोराई व मनोरी हा पट्टा पूर्वापार 'धारावी बेट' या नावाने ओळखला जातो. मुंबईतील धारावीशी त्याचा संबंध नाही. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाल्यावर येथे पर्यटनाचे वेगळे युग अवतरले. पुढे गोराई-मनोरी-उत्तनचा पट्टा पर्यटन विकासासाठी अधिसूचित करून त्याच्या नियोजनाचे काम एमएमआरडीएकडे सोपविण्यात आले होते. मोठ्या प्रकल्पांमुळे शेती व मासेमारी संपेल, ही भीती स्थानिकांनी वेळोवेळी व्यक्त केली. दुसरीकडे, शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर आणला जाऊ लागला. दुर्गंधी, धूर व पावसात शेतात उतरणारे दूषित पाणी यांविरुद्ध ग्रामस्थांनी आवाज उठविला आणि हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला.

म्हणजे या जमिनीला शहराकडून दोनच गोष्टी मिळत आल्या : रविवारचे पाहुणे आणि रोजचा कचरा. पाहुणचार करणाऱ्या शेताने कचऱ्यात आणखी भर घातली, तर ते गावाच्या दुखण्याचाच एक भाग होते. उलट, कचरा जिथल्या तिथे जिरवून शेतकऱ्याच्या हाती चार पैसे अधिक पडले, तर जमीन विकण्याची घाई कमी होते. या विषयातील खरा प्रश्न हाच आहे. केशवसृष्टीच्या परिसरात शेती, गोशाळा, वनौषधी लागवड व निवासी प्रशिक्षण या गोष्टी एकत्र पाहावयास मिळतात. मात्र ते संस्थांचे काम आहे. एक-दोन एकरांच्या खासगी शेतकऱ्याला हे जमविण्यासाठी प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडावा लागतो.

'सेंद्रिय' म्हणावे कशाला?

शहरी पाहुण्याला 'सेंद्रिय', 'नैसर्गिक' व 'विषमुक्त' हे शब्द एकाच अर्थाचे वाटतात. त्यांतील 'सेंद्रिय' या शब्दाला भारतात नियमांची चौकट आहे. वाणिज्य मंत्रालयाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला. त्यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते. दुसरी पद्धत कृषी मंत्रालयाची 'पीजीएस-इंडिया'. तीत परिसरातील किमान पाच शेतकरी गट करतात, एकमेकांच्या शेताची पाहणी करतात व परस्परांची हमी घेतात. लहान शेतकऱ्याला ही पद्धत कमी खर्चाची पडते.

रसायने बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी शेत सेंद्रिय होत नाही. हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षे व फळबागांसाठी तीन वर्षे संक्रमणकाळ धरला जातो. या काळात 'सेंद्रियाकडे वाटचाल' असे प्रांजळपणे सांगणे हाच प्रामाणिकपणा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालासाठी प्रमाणीकरण लागते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला त्यातून सवलत आहे. परंतु 'जैविक भारत' हे चिन्ह प्रमाणपत्राशिवाय वापरता येत नाही.

शेताच्या हद्दीचाही विचार करावा लागतो. शेजारी फवारणी करीत असेल, तर बांधावर ग्लिरिसिडिया, शेवगा वा अडुळसा यांची दाट रांग लावून मध्ये मोकळा पट्टा ठेवतात. शहराच्या हद्दीतील शेताला आणखी एक अडचण येते, ती म्हणजे डासांसाठी होणारी धूरफवारणी. पाणी साचू न देणे, टाक्यांना जाळ्या बसविणे व तळ्यात गप्पी मासे सोडणे, हे उपाय आधी केले तर फवारणीची गरज कमी होते.

खतासाठी महाराष्ट्राला बाहेर पाहावे लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली 'नाडेप' टाकी त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा, भिंतींत हवेसाठी भोके ठेवलेल्या विटांच्या टाकीत पालापाचोळा, थोडे शेण व माती यांचे थर रचले की काही महिन्यांत उत्तम खत तयार होते. विदर्भातीलच सुभाष पाळेकर यांनी प्रसार केलेले जीवामृतही सर्वपरिचित आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ व बांधावरची मूठभर माती मिसळून ते दोन दिवस सावलीत ठेवतात. हे प्रमाण एका एकरासाठी असते.

पाण्याचा हिशेब

पाहुण्यांसाठी किती खोल्या बांधाव्यात, हे भांडवलावरून ठरवू नये. ते विहिरीवरून ठरवावे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. आठ खोल्यांत १६ पाहुणे असल्यास रोजचे २,१६० लिटर झाले. त्यात चादरी धुणे, स्वयंपाक व स्वच्छता वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमका सुट्टीच्या हंगामात, विहिरीला हे पाणी देऊन पिकांनाही पुरविता येईल का, हा पहिला प्रश्न आहे.

किनाऱ्यालगतच्या गावांत तो अधिक गंभीर होतो. जमिनीखालील गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० फूट वर सरकू शकते, असे भूजलशास्त्राचे ढोबळ प्रमाण आहे. एका उन्हाळ्यात जास्त उपसा केला की विहीर मचूळ होते आणि तिच्यावरचे माड, भाजी व शेजाऱ्याचे पिण्याचे पाणी तिघांनाही फटका बसतो. खाडीपलीकडच्या वसईने हा अनुभव घेतला आहे. तेथील विहिरींचे पाणी टँकरने शहरांकडे जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लोकांना संघटित केले होते. वसईची 'बावखले', म्हणजे वाडीतील पावसाचे पाणी साठवून जिरविणारी तळी, ही या भूजलाची जुनी तिजोरी होय.

पावसाची बाजू मात्र दिलासा देणारी आहे. या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून, गळती-बाष्पीभवन वजा जाता, सुमारे १ लाख ६० हजार लिटर पाणी मिळू शकते. वरच्या हिशेबाने ते १६ पाहुण्यांना ७४ दिवस पुरते. बादली-तांब्याची न्हाणी, कमी पाण्याचे नळ व चादरी रोज न बदलण्याची पद्धत यांनी माणशी वापर ८० लिटरवर आणला, तर तेच पाणी १२५ दिवस जाते. पावसाळ्यानंतरचे आठ महिने तरीही त्यावर निघत नाहीत. म्हणून छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडणे, उतारावर समपातळीत चर खणणे आणि खोल्यांची संख्या कमी ठेवणे, असे तिन्ही उपाय एकत्र लागतात.

तरणतलावाचा प्रश्न याच हिशेबाने सुटतो. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल तलावात ६० हजार लिटर पाणी मावते. सोळा पाहुण्यांचा हा जवळजवळ महिन्याभराचा पुरवठा. शिवाय क्लोरिनयुक्त पाणी शेताला देता येत नाही. पाहुण्यांना पाण्यात खेळायचेच असेल, तर पिकाला जाणाऱ्या पाण्याच्या हौदात डुंबण्याची जुनी सोय अधिक बरी. पाणी वाया जात नाही, ते पुढे पाटाने वाफ्यांत जाते.

सांडपाणी आणि कचरा

न्हाणीचे व स्वयंपाकघराचे पाणी एका मार्गाने आणि शौचालयाचे दुसऱ्या मार्गाने नेणे, ही पहिली शिस्त. न्हाणीचे पाणी रेती-खडीच्या वाफ्यातून, कर्दळ वा आळू लावलेल्या चरातून फिरवून केळी व माडांना देता येते. त्यासाठी पाहुण्यांना साधा साबण, रिठा वा शिकेकाई पुरवावी. स्वयंपाकघराच्या पाण्यातील तेलकट भाग आधी सापळ्यात अडवावा लागतो, नाहीतर वाफा थोड्याच दिवसांत तुंबतो.

शौचालयासाठी दोन खड्ड्यांची पद्धत साधी व टिकाऊ आहे. एक खड्डा भरला की दुसरा वापरात घेतात. पहिल्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात निर्गंध खत होते. मानवी मैल्याचे खत खाद्य पिकांना देण्यास सेंद्रिय नियमांची मनाई असल्याने ते शोभेच्या झाडांना वा कुंपणाच्या रोपांना द्यावे. उत्तनसारख्या ठिकाणी पावसाळ्यात भूजल अगदी वर येते. तेथे साधा शोषखड्डा विहीर दूषित करू शकतो. अशा जमिनीत बंदिस्त टाकी व त्यापुढे शुद्धीकरणाचा वाफा करणेच सुरक्षित.

कचऱ्याबाबतचा नियम सोपा आहे. जे शेतात कुजत नाही, ते शेतावर येऊच द्यायचे नाही. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे व जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. तरीही पाहुण्यांबरोबर बाटल्या, वेफर्सची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या येतातच. माठातील गाळलेले पाणी, पत्रावळी वा धातूची ताटे आणि 'आणलेले प्लॅस्टिक परत न्यावे' ही आरक्षणाच्या वेळीच सांगितलेली अट, यांचा चांगला उपयोग होतो. उरलेले अन्न जनावरांना वा खताच्या टाकीला जाते.

घर आणि ऊर्जा

कोकणातील जुन्या घरांत गारव्याची सोय बांधणीतच असे. जाड चिऱ्याच्या वा मातीच्या भिंती, उंच कौलारू छप्पर, रुंद पडवी व समोरासमोर खिडक्या. पडीक गोठा किंवा जुने घर दुरुस्त करून वापरले, तर नव्या सिमेंट-लोखंडाची गरज घटते आणि शेतीखालची जमीनही वाचते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात परुळे येथील 'माचली' या निवासाने शेतराखणीच्या माचीचीच रचना खोल्यांसाठी स्वीकारली आणि बागायतीच्या मध्यभागी मोजक्याच कुटी बांधल्या. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गात घरगुती निवासाची परंपरा रुजली आहे. इतर ठिकाणच्या शेतकऱ्यांनी तेथील लहान आकाराचा धडा घ्यावा.

विजेचा हिशेबही पाण्यासारखाच मांडता येतो. एक किलोवॉटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते व त्याला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते. दिवे, पंखे व लहान पंप यांना एवढी क्षमता बऱ्यापैकी पुरते. एक वातानुकूलन यंत्र मात्र रात्रभरात आठ-दहा युनिट घेते. म्हणजे प्रत्येक वातानुकूलित खोलीमागे दोन ते अडीच किलोवॉटची भर पडते.

इंधनासाठी गोबरगॅस हा जुना, पण आजही खरा पर्याय. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. त्यातून मिळणारा वायू पाऊण-एक किलो स्वयंपाकाच्या गॅसएवढे काम करतो. पाच माणसांच्या कुटुंबाला तो पुरेल, २० जणांच्या पंगतीला नाही. हे आधीच समजून घेतले, तर पुढे निराशा होत नाही. मागे उरणारी मळी खताच्या टाकीत जाते.

ताटात काय वाढावे?

अशा मुक्कामाची खरी ओळख स्वयंपाकघरात पटते. बाराही महिने पनीर, फुलकोबी व मटार मिळत असतील, तर माल बाजारातून येतो हे उघड आहे. शेतावरचे ताट ऋतूप्रमाणे बदलते. पावसाच्या सुरुवातीला शेवळे, टाकळा, कुर्डू व भारंगी यांसारख्या रानभाज्या, श्रावणात काकडी-पडवळ, हिवाळ्यात वाल, वांगी, पांढरा कांदा व मुळा, उन्हाळ्यात आंबा, फणस, ताडगोळे. घाटावर डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा हुरडा, तर रायगडात भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात शिजवलेली वालाच्या शेंगांची पोपटी. उत्तनच्या बाजूला कोळी व ईस्ट इंडियन घरांतील मसाले, विशेषतः बाटलीत भरून वर्षभर पुरविला जाणारा बॉटल मसाला, ही स्वतंत्र ओळख आहे. सर्व काही स्वतःच पिकविण्याचा अट्टहास नको. तांदूळ शेजाऱ्याचा, मासळी कोळीवाड्यातील, तेल गावच्या घाण्याचे, असे घेतले की पाहुण्याचा पैसा गावात फिरतो.

कायदा आणि परवाने

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेण्यावर १९४८ च्या कूळकायद्याने बंधन घातले आहे. त्यामुळे हा व्यवसाय मुळात शेतकऱ्याचाच आहे. २०२० च्या धोरणात किमान एक एकर शेती व जास्तीत जास्त आठ खोल्या अशी मर्यादा आहे. नोंदणीसाठी २,५०० रुपये आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी १,००० रुपये शुल्क त्या वेळी ठरविण्यात आले. नोंदणी प्रमाणपत्राच्या आधारे बँककर्जासाठी अर्ज करता येतो. मात्र धोरणाचा रोख ग्रामीण भागावर आहे. महानगरपालिकेच्या हद्दीतील शेताला कोणत्या सवलती लागू होतात व बांधकामाला कोणती परवानगी लागते, हे पर्यटन संचालनालय, महसूल खाते आणि नगररचना विभाग यांच्याकडून लेखी घ्यावे. वीट रचण्यापूर्वीच.

किनाऱ्यालगत २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना पाहावी लागते. तिवरांची तोड व त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम, या दोन्हींना मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम व २०१८ च्या अंतिम आदेशाने प्रतिबंध केला आहे. याखेरीज जेवण देण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, पाहुण्यांची नोंदवही, परदेशी पाहुणा आल्यास २४ तासांत संबंधित यंत्रणेला माहिती आणि प्रथमोपचाराची सोय या गोष्टी अनिवार्य समजाव्यात. जवळचा सर्पदंशावर लस देणारा दवाखाना कोणता, हे प्रत्येक यजमानाला ठाऊक असलेच पाहिजे.

बोर्डीकडे एक नजर

उत्तनमध्ये जे अजून व्हायचे आहे, त्याची पुढची पायरी पाहण्यासाठी त्याच रेल्वेमार्गाने उत्तरेकडे जावे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला आणि तेथे उद्योगांवर मर्यादा आल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ सांभाळले. या संरक्षणामुळे घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या टिकल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाड्यांमधून पाहुण्यांना राहण्याची सोय झाली. २०१३ पासून उपनगरी गाड्याही डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने मोटारीशिवाय तेथे जाणे सुलभ झाले. प्रवासातील इंधन हा सहलीच्या पर्यावरणीय खर्चाचा मोठा वाटा असतो. स्थानकावरून पाहुण्यांना रिक्षाने आणण्याची सोय करणारा यजमान सौर दिव्यांइतकेच मोलाचे काम करीत असतो.

तेथून जवळच, राज्याच्या सीमेपलीकडे उमरगावनजीक देहेरी येथे भास्कर सावे (१९२२-२०१५) यांची 'कल्पवृक्ष' वाडी आहे. तारुण्यात रासायनिक खतांचा पुरस्कार करणाऱ्या सावे यांनी खर्च वाढतो व माती खालावते, हे पाहून नैसर्गिक शेतीचा मार्ग धरला. सुमारे १४ एकरांच्या या वाडीत चिकू व माड यांच्या ओळींमधून चर काढलेले असून पाणी खोडापाशी न देता चरांतून दिले जाते. जमिनीवर पाल्याचे जाड आच्छादन असते. २०१० मध्ये सेंद्रिय शेती चळवळीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांचा जीवनगौरव केला. या वाडीला लोकांनी गर्दी केली ती माती पाहण्यासाठी. पाहुणा यावा म्हणून शेत सजवावे लागत नाही, याचा एवढा मोठा दाखला दुसरा नाही.

जमा-खर्च आणि माणसे

खोल्यांचे उत्पन्न शनिवार-रविवार व सुट्ट्यांपुरते असते, तर गाई-बैल, विहीर व पिके यांना रविवार नसतो. म्हणून खोल्या रिकाम्या असतानाही शेताचा खर्च शेतातून निघेल, अशी रचना असावी. कर्ज काढून २० खोल्या बांधणाऱ्याला त्या भरण्यासाठी मोठ्या सहली, ध्वनिक्षेपक व मद्याच्या मेजवान्या स्वीकाराव्या लागतात. मग शेत हा केवळ देखावा उरतो. तीन-चार खोल्यांचा यजमान 'नाही' म्हणू शकतो. जादा उत्पन्न लोणची, आमसुले, तांदूळ, भाजीच्या पेट्या यांच्या थेट विक्रीतून येते. एकदा राहून गेलेले शहरी कुटुंब वर्षभराचे ग्राहक झाले, तर तो मुक्कामाच्या भाड्याहून मोठा लाभ.

श्रमाचाही विचार व्हायला हवा. पाहुणचाराचा भार घरातील बाईवर पडतो आणि पैसा पुरुषाच्या खात्यात जमा होतो, असे अनेकदा घडते. स्वयंपाक, सारवण, लोणची यांची मजुरी हिशेबात स्वतंत्र धरली, गावातील महिला बचत गटांना काम दिले, तर व्यवसायाची पाळे घट्ट होतात. रात्री दहानंतर शांतता, शेजाऱ्यांच्या वाटेवर मोटारी न लावणे आणि देवस्थान, चर्च वा कोळीवाड्यात विनापरवानगी छायाचित्रे न काढणे हेही पर्यावरणाचेच नियम आहेत. गाव हाही त्या पर्यावरणाचा भाग असतो.

पाहुण्याने काय विचारावे?

शहरी वाचकाला फसवणूक टाळण्यासाठी तज्ज्ञ होण्याची गरज नाही. पाच प्रश्न पुरेसे आहेत. या हंगामात शेतात काय पिकते आहे? आजच्या जेवणातले काय येथले आहे? पाणी कोठून येते आणि मे महिन्यात किती उरते? शौचालयाचे पाणी कोठे जाते? कचऱ्याची गाडी कोठे रिकामी होते? यजमान शेतकरी असेल, तर तो या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट टोपली खाली ठेवून विहीर दाखवायला घेऊन जातो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'धावगीच्या डोंगरावर' असे आले, तर आपल्याच घरचा कचरा जेथे जातो तेथेच आपली सहलही जाते, हे ध्यानात घ्यावे.

खोल्या भरल्या की शेत हळूहळू मागे सरकते, हा या व्यवसायाचा स्वाभाविक ओढा आहे. त्याला अडविण्याचे काम धोरण काही प्रमाणात करील, प्रमाणपत्र काही प्रमाणात करील. बाकीचे यजमानाने खोल्या मोजक्या ठेवून आणि पाहुण्याने गरम पाण्याची बादली एकच मागून करायचे आहे. मुर्धा ते उत्तनच्या रस्त्यावर पुढल्या पावसाळ्यात भाताची लावणी दिसेल की कुंपणांवरचे जाहिरातफलक, हे त्यावरच ठरणार आहे.